चौथं चाक

ओस्त्रावात, पॅनेलच्या इमारतीखाली,
सायकली आणि बटाट्यांच्या पोत्यांच्या मध्ये
माझा लेथ आहे.
शिवणयंत्राएवढा.
रात्री आठ वाजले की वरचे दुशेक
रेडिएटरवर चमचा आपटतात.
घड्याळ म्हणून तेवढं मला पुरतं.

पस्तीस वर्षं आगगाडीची चाकं कातली.
उभं केलं तर छातीला लागेल एवढं एकेक,
क्रेननं उचलायचं,
आणि कीस निघायचा तो निळा, तापलेला,
बुटाची नाडी जाळत जाणारा.

आता माप: पंधरा पूर्णांक नऊ मिलिमीटर.
गाडी चोवीस पट लहान.
नजर मात्र लहान होत नाही,
ती नुसती म्हातारी होते.

ऑक्टोबरात व्लास्ता ख्मेलोवा आली.
कवळ्या बनवते. हात थरथरत नाही.
बापाच्या गाडीचा एकच फोटो, उजव्या बाजूनं काढलेला,
एक कोपरा उंदरानं खाल्लेला.
बाकी गाडी तिनं स्वतः जोडलीय, रंगवलीय,
फक्त चाकं नकोत प्लास्टिकची.
"प्लास्टिक खोटं हसतं," म्हणाली. "मला कळतं, धंदा तोच आहे."
पैशांऐवजी तिनं डबी पुढं केली:
दातांचे जुने बरमे, झुरळाच्या मिशीहून बारीक.
मी सौदा लगेच मान्य केला.

अॅल्युमिनियमची कांडी चकात धरली.
टोक सपाट केलं, मध्ये भोक,
मग काठाची ती उथळ परात, जिच्यात सावली बसते.
रॉकेलचा एक थेंब, नाहीतर धातू टूलला चिकटतो
लहान पोर आईला चिकटावं तसा, आणि तितकाच ओरबाडतो.
शेवटचा काप केसाहून पातळ.
कीस पडला तो चांदीचा नव्हे, पिठाचा वाटला.
मग आठ भोकं, तिच्याच बरम्यानं,
श्वास धरून एक, सोडून दुसरं.
सहावं तिरकं गेलं. पहिल्यापासून.

तीन आठवडे.
चार चाकं, काचेवर ठेवली
तर कुठलं कुठलं ते मलाही सांगता येईना.

तिनं डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ.
"तीन बरोबर आहेत."
आणि चौथं?
"फार बरोबर आहे."

मग सांगितलं. झिलिनाजवळ, सुट्टीहून परतताना,
बापानं मैलाच्या दगडाला मागचं डावं चाक घातलं.
भंगारवाल्याकडं मिळालं ते एका व्हॅनचं,
बिनभोकांचं, करडं, जरासं लहान.
पुढं मूळ चाक कधी मिळालंच नाही.
नऊ वर्षं गाडी डावीकडं ओढत राहिली
आणि आई शेजारी दाराची मूठ धरून.
फोटोत ती बाजूच नाही.

कारखान्यात केसभर चुकलेलं चाक
लाल रंग फासून भट्टीत परत जायचं.
किती लाल फासला असेल मी.
हुकमानं चूक करायची ही पहिलीच वेळ.
आणि किती चुकायचं?
तिनं चिमूट दाखवली,
मग चिमूट आणखी मिटली.

तीन दशांश कमी कातलं.
भोकं नाहीत. घासकाम नाही.
टूलच्या रेघा तशाच ठेवल्या,
वरून चुलीची राख अंगठ्यानं चोळली.
सरळ कातण्यापेक्षा याला जास्त वेळ लागला,
दुशेकांनी दोनदा चमचा आपटला.

रविवारी तिनं गाडी माझ्या टेबलावर ठेवली,
एका बोटानं ढकलली.
पावशेर मिठाच्या पुड्यापर्यंत सरळ गेली,
मग हळूच, ओळखीची वाट लागल्यासारखी,
डावीकडं वळली.

व्लास्ता काही बोलली नाही.
तिचा उजवा हात
टेबलाच्या कडेला घट्ट धरून होता.
तिचं तिलाही कळलं नसावं.

उरलेलं चाक माझ्या खणात आहे,
निर्दोष, कुठल्याच गाडीचं नसलेलं.
चमचा वाजला की दिवा मालवण्याआधी
तळहातावर एकदा फिरवून बघतो.
सरळ जातं.