अडत

बाबा मार्केट यार्डात मापारी होते,
म्हणून अडत काय ते मला शाळेच्या आधी कळलं.
माल तुझा, ओटा त्याचा, बोली तिसऱ्याची,
आणि काट्यावर हळूच अंगठा ठेवणारा चौथाच कोणी.

यंदा मी माझे पत्ते पाठवले भिवंडीला.
एकशे बारा. पैलवानांचे.
उंची, वजन, छाती, कोपऱ्यात रँक.
गल्लीतल्या पोट्ट्यांकडून एकेक जिंकलेले,
शेवयांच्या डब्यात तळाशी राहिलेले, लग्नातून इथवर आलेले.

मी वरूडला संत्र्याच्या पट्ट्याशी उभी असते.
मोठं, मधलं, चुरी. डागी बाजूला.
नजर चुकत नाही हिची, मुकादम म्हणतो.
त्यामुळे तिकडून यादी आली तेव्हा हसू आलं:
चार कोपरे, चार कडा, चकाकी, छपाई मध्यावर आहे की नाही.
म्हणजे तिथंही कोणी उभी असेल
पायाला गोळे येईस्तोवर,
माझ्या पैलवानांना दहापैकी गुण देत.

गोदामात बारा महिने एकवीस अंश, असं लिहिलंय.
मे महिन्यात मी ते दोनदा वाचलं
कूलरमध्ये बादली ओतता ओतता.

मुखवटेवाला विकला गेला. त्रेचाळीसशे.
बारा टक्के अडत कापून आले, वेळेवर.
घेणारा कोइंबतूरचा. मी विचारलं, पोचला का?
उत्तर आलं, हलवलाच नाही.
तोच कप्पा, तेच प्लास्टिक, तोच नंबर,
फक्त नाव बदललं,
तलाठ्याकडं फेरफार होतो तसं.
दिवाळीत त्यानं तो दुसऱ्याला दुपटीनं दिला.
गाडीतून उतरला नाही असा माल
तीन हात फिरला.
बाबांना हे सांगायला हवं होतं.
त्यांनी आधी विचारलं असतं, हमाली कोणाला मिळाली?

एक पत्ता मात्र परत आला.
शेरा: मागील बाजूस शाईचे लिखाण. विक्रीयोग्य नाही.

घेऊन आला गुणवंत भोंडे.
कुरिअर तोच आणतो आता, मोर्शी रोडपासून पार सावंग्यापर्यंत.
जातानाचे पुडकेही त्यानंच नेले होते.
"ओटीपी सांग."
सांगितला.
"काय रायते वो यात? इतके पुडके नेले तुये."

मी तिथंच फोडलं.
निळी शाई, पाचवीतलं अक्षर:
गुणवंत म. भोंडे. हात लावू नये.

ज्या दुपारी मी तो जिंकला
तेव्हा तो रडला नव्हता.
पत्ता उलटा ठेवून सायकल घेऊन गेला होता,
आणि नंतर सातवीपर्यंत बोलला नव्हता.

आता त्यानं तो उन्हाकडं धरला.
बराच वेळ. हेल्मेट वर सरकवलेलं,
बाइक चालूच.
मग माझ्याकडं न बघता म्हणाला,
"वजन. एकशे चौऱ्याण्णव."

माझ्या हातात काहीच नव्हतं.
माझे सगळे एकवीस अंशात,
अर्धे तर दुसऱ्यांच्या नावावर.
मी फोन काढला, फोटो दाखवले,
हा बघ, दोनशे सव्वीस.

"फोटो नाई चालत," तो म्हणाला.
पत्ता वरच्या खिशात घातला,
बटण लावलं,
आणि पुढच्या पत्त्यावर निघाला.