दुधाची वही

दिगू भावोजी नाहीसे झाले त्या रात्री
सेलमच्या आमच्या गलाईच्या दुकानात मूस अजून गरम होती.
शेठचं अठरा तोळे सोनं त्यांच्याबरोबर गेलं.
सकाळी ह्यांनी कागदावर सही केली,
"भाऊ माझा, भरणार मी."
मला विचारलं नाही.
तेवढंच. मला विचारलं नाही.

पाटल्या गेल्या, दुकानाची पागडी गेली,
विट्यात स्टँडमागं घेतलेला दीड गुंठा गेला.
आम्ही परत आलो दोन पोरी, एक मिक्सर
आणि ॲसिडनं पिवळी पडलेली ह्यांची नखं घेऊन.

सासूबाई म्हणतात, माझा दिगू तसा नाही.
मी भाकरी थापते. जरा जोरातच थापते.

ह्यांना माग मिळाला, रातपाळीचा.
मी दिवसा फॉल-पिको करते.
बोलणं बंद. घरात एकच वही, दुधाची,
तिच्यात आकड्यांच्या कडेनं लिहायचो:
गॅस संपला.
आणतो.
थोरलीची फी, शनिवारच्या आत.
बघतो.
एकदा त्यांनी नुसतं लिहिलं, 'चुकलं',
आणि मी त्याच्यावरनं गिरवून लिहिलं, 'अर्धा लिटर'.

हाच माणूस सराफाच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
चाळायचा, जाळायचा, धुवायचा,
आणि त्यातनं गुंजभर सोनं काढायचा.
माझ्या तोंडातनं मात्र
एक शब्द काढता आला नाही त्याला, अकरा आठवडे.

मग कार्तिकातली एक पहाट.
दारात उभे, भुवयांवर कापसाची मऊ धूळ,
एकदम म्हातारे दिसले.
माझा हात आपोआप गेला, तंतू काढायला,
आणि ते हळूच म्हणाले,
"साप्टाच्चा?"

जेवलीस का.
सेलमला पहिल्या वर्षी एवढंच तमिळ येत होतं आम्हाला,
रोज रात्री एकमेकांना विचारून हसायचो.
आत सासूबाई जाग्या. "काय म्हणाला गं?"
"काही नाही. दूध आलं का, विचारतात."

सात तोळे अजून फिटायचेत.
भावोजींचा पत्ता नाही.
आणि सहीचं मी विसरले, असंही नाही;
पुढच्या हप्त्याच्या कागदावर
त्यांनी आधी पेन माझ्याकडं दिलं,
मी सगळा कागद मोठ्यानं वाचायला लावला,
शेठचा माणूस ताटकळला,
मग दोघांनी केली.

वहीत आता फक्त दूध असतं.
कधी कधी खाडा.