खापराखाली

उन्नती होळीआधी नागपूरला नोकरीवर गेली
आणि काचेची पेटी माझ्याकडे राहिली.
तीन फूट लांब, दीड फूट रुंद, आत एक पाल.
पाल म्हणायचं नाही, गेको म्हणायचं. तिचा नियम.
पिवळा, अंगभर तपकिरी ठिपके,
सावद्याच्या वखारीत चार दिवस जास्त राहिलेल्या केळासारखा.
म्हणून नाव केळ्या.

शेजारचे निंबा अहिरराव कुंपणावरून म्हणाले,
'पाल कोन पाळस, भो? आमना घरमा फुकट शेतस.'

मी चौतीस वर्षं दीपनगरला मापं वाचली,
बॉयलरचा ताप, वाफेचा दाब.
काटा इकडचा तिकडे झाला की उठायचं.
वाटलं, हे तर सोपं:
एका टोकाला बत्तीस, दुसऱ्याला सव्वीस,
मधलं त्याचं त्याने ठरवायचं.
तिने कागदावर लिहून ठेवलेलं,
वाळू नको, पोटात जाते, फरशीच बरी.
रातकिड्यांना आधी कॅल्शियमची पूड.
आणि तळाशी, खाली दोन रेघा मारून,
'लपायच्या जागा तीन. काढू नका.'

मी काढल्या.

आठ दिवस दिसला नव्हता.
मनात पाल चुकचुकली
(हसू नका, दुसरा शब्द नाही).
मेला असेल तर पोरीला काय सांगू?
खापर उचललं, करवंटी उचलली,
ओल्या काथ्याचा डबाही.
तो पेटीच्या मधोमध,
चारी बाजूंनी काच, वर ट्यूबलाइट.
शेपटीचं टोक तेवढं थरथरत होतं.
मग त्याने डोळे मिटले.
भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. याला आहेत.
माझ्यासमोर लपायला
त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

शालिनी गेली त्या आठवड्यात
उन्नती लोखंडी कपाटामागे बसायची.
नऊ वर्षांची. दीड वितीची फट.
पाठ भिंतीला, गुडघे पत्र्याला.
माणसं भेटायला येत होती.
मी हात धरून ओढली, 'विचारतायत सगळे, बाहेर ये.'
आणि कपाट सरकवून भिंतीला लावलं.
पुढे ती कमी बोलायला लागली.
त्याचं खापर मी तिच्या स्वभावावर फोडलं,
वर्षानुवर्षं.

फोन केला. सगळं नाही, केळ्याचं तेवढं सांगितलं.
'बाबा, ऐसपैस नको.
छत पाठीला टेकलं पाहिजे, तोंड एकच.
गरम बाजूला एक, थंड बाजूला एक,
नाहीतर ऊब हवी की आडोसा,
यातलं एकच निवडावं लागतं त्याला.'

मे आला. भुसावळ शेहेचाळीस.
जो तो सांगतो, ऊब कशी द्यायची.
सव्वीस कुठून आणायचं, ते इथे माझं मला.
गरम चटई गुंडाळून माळ्यावर टाकली.
पेटी जमिनीवर घेतली, शालिनी लोणच्याची बरणी ठेवायची तिथे.
भोवती ओलं गोणपाट, कूलर तिरका,
बर्फाची बाटली फडक्यात, काचेच्या बाहेरून.
वहीत दर दोन तासांनी आकडा:
२९. ३०. ३१. लाइट गेली. ३३.
गोणपाट भिजवलं. ३०.

स्वयंपाकघरातला माठ तडकला
तर त्याचा पोटाचा तुकडा राखून ठेवला,
कडा फरशीवर घासल्या, बोट फिरवून पाहिलं.
खाली माझी मूठही जाईना. म्हणजे बरोबर.

एका सकाळी ओल्या डब्यात कातेचा कपटा,
पांढरा, करंगळीच्या नखाएवढा.
बाकीची त्याने खाल्ली असणार.

रात्री तिचा फोन. 'दिसला?'
'नाही. काल चार रातकिडे सोडले, एक उरलाय.'
'मग ठीक आहे.'
थोडा वेळ कूलरचाच आवाज.
'ते कपाट,' मी म्हणालो,
'भिंतीपासून जरा पुढे घेतलंय.'
'का?'
'असंच. मागे जाळी धरली होती.'