रेषेला टेकलेला हिरा

प्रश्न एवढाच होता:
वृद्धाश्रमात रात्रभर दिवा जळता ठेवला
तर म्हातारी माणसं कमी पडतात का?

औलूमधला नोव्हेंबर. तीन वाजता दिवस संपतो,
आणि हेल्वी काळ्या खिडकीकडे पाठ करून बसते
चार हजार एकशे सहा गोषवाऱ्यांसमोर.
भिंतीपलीकडे इल्पो, त्याच ढिगासमोर.
एकमेकांना विचारायचं नाही,
दोघांनी आपापलं पाखडायचं,
मग सुपं शेजारी ठेवून बघायचं
कुणी दाणा टाकला, कुणी खडा ठेवला.

शितावरून भाताची परीक्षा करणारे डॉक्टर
दोघांनीही पाहिलेत.
इल्पोचे वडील त्यातलेच.
म्हणून तर हे सगळं भांडं उपसणं.

एकशे बावन्न ठिकाणी जुळलं नाही.
एकशे एकावन्न भांडणं कॉफीवर मिटली.
उरलेल्या एकासाठी औलिक्कीला फोन लावला.
ती निवृत्त, गोठलेल्या तळ्यावर
बर्फातल्या भोकापाशी गळ टाकून बसलेली.
"माणसांवर केलाय ना? मग ठेवा," म्हणाली,
"आणि हळू बोला, मासे पळतात."

फेब्रुवारीत सुपात सात उरले.
सातवा एस्टोनियातला, जुना, दोन पानांचा.
साठ जणांनी सुरू झालेला, सत्तेचाळिसांवर संपलेला.
तेरा जण कुठे गेले?
कागद गप्प.

हेल्वीने पत्र टाकलं. उत्तर मुलीचं आलं, मारेतचं:
बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
त्यांची वही शिलाईच्या डब्याखाली मिळाली.
फोटो पाठवतेय. अक्षर वाईट आहे, माफ करा.

तेरा जणांच्या तेरा ओळी, पेन्सिलीने.
चौघं वारले, थंडीत, बिछान्यातच.
तिघांना मुलांनी घरी नेलं.
खोली नऊ: बाई बल्ब काढून उशीखाली ठेवते.
म्हणते, उजेड असला की नवरा येत नाही.

आणि पाच जणांपुढे एकच शब्द, पाच वेळा:
पडले.
दिवा होता. तरी पडले.
छापताना त्यांनाच तेवढं बाहेर ठेवलं होतं.

हेल्वी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.
मारेतने वाचलं नसेल?
की वाचूनच पाठवलं?
आभार मानायचे, की माफी मागायची,
की दोन्ही एकाच ओळीत?

तिने पाच आकडे भरले.
काल हिरा रेषेच्या डावीकडे
सुटा, स्वच्छ उभा होता.
आता केसभर सरकला
आणि त्याचं एक टोक
रेषेला टेकलं.

"उपयोग होत असावा," इल्पो म्हणाला, "असं लिहू."
"होतो की नाही, आम्हाला माहीत नाही," हेल्वी म्हणाली, "असं लिहू."
"अडीच वर्षं घालवून?"
"हो. अडीच वर्षं घालवून."
त्याने ते वाक्य तीनदा खोडलं.
तिने ते तीनदा परत लिहिलं.
चौथ्यांदा तो उठून जेवायला गेला
आणि वाक्य राहिलं.

म्हातारी माणसं कमी पडतात का, हे विचारलं होतं;
पुरावाच कमी पडला.

शेवटच्या रात्री तक्ते.
एस्टोनियाच्या ओळीत लाल ठिपका: पक्षपाताचा धोका, जास्त.
तळाशी आभार: मारेत यांचे, वहीसाठी.
मग गळतीचा हिशेब.
मृत्यू, चार. स्थलांतर, तीन.
पाच जणांना परत आत घेतलं.
खोली नऊसाठी रकाना नव्हता.
हेल्वीने नवा रकाना केला, नाव काय द्यावं सुचेना,
"इतर कारणं" असं लिहिलं, समोर आकडा घातला:
एक.
आणि टेबलावरचा दिवा मालवून
अंधारात जरा बसून राहिली.