पत्र्याला घाम

नळाला पाणी येऊन चार दिवस झाले.
पिंपाच्या तळाशी दोन तांबे, उद्यापर्यंत पुरवायचे,
आणि पहाटे पाचला
पत्र्यावरून एक थेंब नेमका माझ्या कपाळावर.
बाहेर ढग नाही. डिसेंबर. सोलापूर.

भिंत कमरेपर्यंत फुगलेली,
बोट लावलं की पोपडा हातात.
ट्रंकेतल्या लग्नाच्या साडीला काळे ठिपके.
पोरीच्या भूगोलाच्या वहीची पानं
भाजलेल्या पापडासारखी वळलेली;
"आमचा जिल्हा कोरड्या हवामानाचा आहे,"
तिनं लिहिलंय, आणि शाई पसरलीय.

काय काय नाही केलं.
डांबरगोळ्या. कपाटाखाली कोळशाची परात.
मिठाची वाटी ठेवली, तिचंही पाणी झालं,
आणि ते फेकताना
हात थबकला, खरं सांगते.

शेवटी इलाही मिस्त्री आले.
तापलेल्या लेकराला लावावा
तसा भिंतीला तळहात लावला,
पत्र्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघत राहिले.
"वैनी, गळती कुठंच नाही.
हे पाणी तुमचंच हाय."

आमचंच?

"चौघांचा श्वास. भाताची वाफ.
आन् ही ओल्या पोत्यातली पानं."

विडीची पानं ती. कोरडी पडली
की कात्रीखाली तडकतात, हजार भरत नाहीत,
म्हणून उशाशी ओली निजवते.

"खिडकी का बंद?"

खिडकीपलीकडे यंत्रमाग होते, चोवीस.
दिवसरात्र खडखडाट, आमटीत कापसाचे तंतू.
पोरगी तान्ही असताना अंबादासनं
चौकटीला चार खिळे ठोकले,
फटींत सुताच्या चिंध्या कोंबल्या.
तिथंच चादरी विणायचा,
आणि पाळी संपली की भिंतीच्या अलीकडे येऊन झोपायचा.
मग माग किलोच्या भावानं गेले.
शेड गप्प होऊन तीन वर्षं झाली.
खिळे तसेच.
उघडूया, असं कुणी म्हटलंच नाही.
मीही नाही.

मिस्त्री पैसे घेईनात, चहा घेतला.
वाफ वर गेली, पत्र्याला चिकटली.
तिघंही मान वर करून बघत बसलो.

ते गेल्यावर अंबादासनं
पेटीच्या तळातून मागावरची पक्कड काढली.
तीन खिळे आले. चौथा गंजून आतच तुटला.
खिडकी अर्धीच उघडली, तेवढीच उघडते आता.

पलीकडे फरशीवर बोल्टांची भोकं,
कुणाची तरी एक शेळी बांधलेली.
तो बराच वेळ बघत होता, काही बोलला नाही.
वारा आला. कोरडा.
वहीचं एक पान उलटलं.

आता पानं लवकर सुकतील,
रात्री उठून दोनदा पाणी शिंपडावं लागेल.
बघू.
उद्या नळ यायचाय.