बंदी

चार वाजून दहा मिनिटांनी आकाश बंद झालं.
काउंटरवरची मुलगी असंच म्हणाली, स्कार्फ सारखा करत,
जणू पोस्टाची खिडकी.
कारण सांगितलं नाही. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.
काचेपलीकडे आमचं विमान,
चाकांना लाकडी ठोकळे लावलेलं,
आणि वर इतकं स्वच्छ आकाश
मी आजवर पाहिलं नव्हतं.

बेचाळीस माणसं. चिपीचा सडा. मे महिना.
गाड्यांचं वेटिंग तीनशेच्या पुढे,
कुडाळच्या टॅक्सीचा भाव तासातासाला नवा.
उरलो त्यांना खाली परुळ्याच्या शाळेत नेलं
एका टेंपोतून, ज्याला सुंगटांचा वास होता.
रात्री जांभा तापत राहिला पाठीखाली.
फळ्यावर कुणाचा तरी अर्धा राहिलेला भागाकार.

शाळेत रेंज नव्हती.
रेंज होती सड्यावर, एका वाकड्या काजूखाली,
तीही उत्तरेकडे तोंड केलं तर.
तिथे रांग लागायची, आणि त्या रांगेत
आम्हाला सगळ्यांचं सगळं कळलं.
बोडसांच्या बायोप्सीची तारीख.
नसीम पावसकरचा मस्कतचा व्हिसा, जो रविवारी संपत होता;
ती एकाच माणसाला तेच तेच सांगायची,
आधी अरबीत, मग हिंदीत,
आणि फोन कापला गेल्यावर एकटीच, आपल्या बोलीत, मनसोक्त.
आणि माझं:
हैदराबाद, कौटुंबिक न्यायालय, शुक्रवार साडेदहा,
सहमतीचा अर्ज, दोन सह्या.
"जमेल तेव्हा ये," ती म्हणाली.
अकरा वर्षांत इतक्या मऊ आवाजात
ती हे पहिल्यांदाच म्हणाली,
आणि मागे सहा जण ऐकत होते.

सकाळी सुभद्रा तांडेल पेज आणायची,
उकड्या तांदळाची, सोबत भाजलेला सुका बांगडा.
तिला कुणीतरी समजावून सांगितलं.
"आकाश बंद? मगे कुलूप खंय लावल्यानी?"
ओगराळं हातात तसंच धरून ती जरा थांबली.
"आमचो दर्यो पण बंद असता दोन म्हयने.
तेवा मासळेच्या पोटात गाबोळी असता.
तुमच्या आभाळाच्या पोटात काय आसा?"
आम्ही हसलो.
बोडस हसले नाहीत. त्यांनी पेज पुन्हा मागून घेतली.

गुरुवारी म्हापणकरांच्या भाचीचं लग्न, तिकडे.
मामा इकडे, सफारी सूट घालून काजूखाली,
कारण बॅगेत दुसरं धड काही नव्हतं.
अकरा बेचाळीसचा मुहूर्त.
सुभद्राने ओंजळभर तांदूळ दिले, तांबूस,
बोडसांनी फोन उंच धरला,
मंगलाष्टकं यायची, तुटायची, यायची,
"शुभमं" एवढंच आलं आणि "धान" आलं,
आम्ही टाकल्या अक्षता. फोनवर, मामांवर, नसीमवर.
एक विमानतळाचा शिपाई सायकल थांबवून
उगाच टाळ्या वाजवत राहिला.

चौथ्या दिवशी आकाश उघडलं.
दिसायला तसंच होतं.

मला पुढची तारीख मिळाली. मी सही केली, तिनेही केली.
बाहेर आल्यावर तिने विचारलं, ती भाची सुखी आहे का?
मला माहीत नव्हतं.
नसीमला नवा व्हिसा मिळाला की नाही, तेही नाही.
बोडसांचा नंबर आता लागत नाही.

मात्र दरवर्षी जुलै संपत आला की
मी सुभद्राला फोन लावतो.
बहुतेकदा बाईचा आवाज येतो, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.
यंदा तिसऱ्या दिवशी लागला.
"उघडतोय ना उद्या?"
"उघडता. वारो आसा पण. बघूया."
मागे सड्यावरचा वारा खरंच ऐकू येत होता.
म्हणजे ती काजूखाली होती,
एवढा चढ चढून,
उत्तरेकडे तोंड करून.