रकाना सातवा

सोहारात, मासळीबाजाराच्या मागे,
ज्यूसच्या दुकानाला चिकटून माझं टायपिंगचं टेबल.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेले पासपोर्ट.
काल काळंगे आला. साताऱ्याकडचा, बंदरावर क्रेन चालवतो.
हातात मस्कत विमानतळावरचा कागद, चार घड्या घातलेला.

कागद म्हणतो : दारूगोळ्याचा भाग, विनापरवाना, सामानात लपवलेला.
काळंगे म्हणतो : ताई, दाढीच्या डबीत होता.
दाढीच्या डबीत काय कोणी लपवतं?

मी कलम वाचून दाखवते.
शस्त्र म्हणजे काय, शस्त्राचा भाग म्हणजे काय,
अंगावर कुठवर, सामानात कुठवर.
अरबीतून हिंदीत, हिंदीतून आपल्यात,
दर उताराला कायदा थोडा सांडतो.
समोरून हुमैद बलुशी जातो, लग्नाला निघालेला,
कमरेला चांदीच्या मुठीचा खंजीर, भर उन्हात.
काळंगे माझ्याकडे बघतो.
तो दिसतो ना, मी म्हणते. म्हणून.

रकाना चौथा : वस्तूचं वर्णन.
गोळीची टोपी, तांब्याची, वाकलेली.
आतलं शिसं?
वितळलं.

रकाना पाचवा : कुठे मिळाली.
राखेत. तिसऱ्या दिवशी, सावडताना,
चुलत्याच्या बोटाला लागली.

आप्पांच्या मांडीत होती, एकाहत्तरपासून.
डॉक्टर म्हणाले, राहू दे, शिरेला धरून बसलीय.
थंडीत लंगडायचे. विचारलं तर, जुना मुरगळा.
एकदा इथं आले, माझ्याकडे, महिनाभर.
याच विमानतळावर मशीन ओरडलं,
आप्पांनी पट्ट्याचं बक्कल दाखवलं
आणि सलाम ठोकून पुढे गेले.

रकाना सहावा : परवाना क्रमांक.
त्यानं आप्पांचा फौजेतला नंबर सांगितला, न अडखळता.
मी आडवी रेघ मारली.

सातवा : कुठे लपवली होती.
अरबीत एकच शब्द आहे.
आपल्याकडे दडवणं वेगळं, झाकणं वेगळं,
पोटात ठेवणं तर सगळ्यांहून वेगळं.
झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतो आपण.
मांडीचं कोणी काही म्हणत नाही.

दाढीची डबी, मी टाइप केलं.

पाचशे बैझा ठेवून तो उठला, पुन्हा बसला.
ती परत देतील का हो?
त्याला रकाना नव्हता.
कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला, अगदी कडेला,
पेननं, मराठीत,
त्या खिडकीत कोणाला वाचता येणार नाही अशा बारीक अक्षरात लिहिलं :
वडिलांची आहे.